श्रावणापुरती का होईना
(श्रीपूर, ता. माळशिरस येथील बैठकीतील भाषण)



साखर कारखान्याच्या या गावात आम्ही दारूवर बोलायला उभे आहोत, याचं हसू येणारच. हसा. मळी त्यांची, बाटली मात्र कोरडवाहूवाल्याच्याही घरात.

आपण खरिपात रान मोकळं ठेवतो, ओल साठवतो, मग रब्बीची ज्वारी पेरतो. श्रावणात दारू बंद ठेवणं तसंच आहे. देवासाठी असो की सासूच्या धाकानं. शरीराला कारण कळत नाही, विसावा कळतो. यकृतावर चढलेली चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. झोप सुधारते. लंडनमध्ये ९४ मध्यम ते जास्त पिणाऱ्यांनी महिनाभर दारू सोडली, तर वजन आणि रक्तदाब दोन्ही उतरले. मधुमेहाकडं नेणारी लक्षणंही कमी झाली. हे २०१८ साली छापून आलं. आदल्या दिवशीची गटारी मात्र आम्हाला पटत नाही. महिन्याची दारू एका रात्रीत ढोसायची, हा कसला उपास?

एक गोष्ट नीट ऐका. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्यानं एकदम सोडू नये. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. अशा माणसाला आधी दवाखान्यात न्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून अशांनाच सांभाळतंय. त्याला शिव्या देऊन, कोंडून काही होत नाही.

बाकीच्यांनी श्रावणभर रोजचे वाचलेले पैसे वहीत लिहा. भाद्रपदातल्या बैठकीला ती वही घेऊन या. घरधनिणीला लिहू दिली तर आकडा खरा निघेल.