खाडीकाठची प्रयोगशाळा



आगरदांड्यास आपल्यापैकी बहुतेकांचे येणे होते ते पलीकडे दिघीस जाणाऱ्या फेरीबोटीसाठी. बोट लागेपर्यंत समोर राजपुरीची खाडी पसरलेली असते; परंतु ती अभ्यासाची वस्तू आहे, असे आपल्या मनात येत नाही. मंडळाने आम्हांस विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे, तेव्हा याच खाडीचे निमित्त करावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम नियमाची बाजू. पदवीच्या अभ्यासाचे मोजमाप आता श्रेयांकांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक लागतात. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, आणि क्षेत्रकार्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. दोन श्रेयांकांचा क्षेत्रप्रकल्प म्हणजे ६० तास. रोजचे सहा तास धरल्यास उन्हाळी सुटीतील अवघे दहा दिवस. मात्र केवळ प्रवास केल्याने श्रेयांक पदरात पडत नाही. महाविद्यालयाची पूर्वसंमती, मार्गदर्शक अध्यापक, रोजची टिपणवही आणि शेवटी परीक्षण, इतके सर्व जुळून यावे लागते.

येथे आम्हांस स्वतःचाच एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या कन्येच्या वर्गाची अशीच सहल मे महिन्यात निघाली होती. मुलीच्या जातीने चिखलात उतरून काय शिकावयाचे, असे म्हणून आम्ही तिला अडविले. तिने घरी बसून पुस्तकांवरून निबंध उतरविला व तो मान्यही झाला. पण पुढे कांदळवनावर प्रश्न निघाला, तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, ते झाड मी पाहिलेलेच नाही.’ समुद्रकाठच्या घरातील मुलीचे ते उत्तर आम्हांस आजही बोचते.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. इ. स. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई आगासीझ या पंडिताने अमेरिकेतील पेनिकीज बेटावर समुद्रकाठची शाळा काढली. तिथे पुरुषांबरोबर स्त्रियाही शिकावयास आल्या होत्या. जी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी परक्या बेटावर घडली, ती आपल्या दारी घडण्यास कोणती हरकत असावी?

आता या काठी शिकावयाचे काय, ते पाहू. आपल्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांचा एक हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन, पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. हा हिशेब दर तिथीस ४५ मिनिटे पुढे सरकतो. प्रत्यक्षात भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, कारण तेवढ्या अवधीत चंद्रही आपल्या मार्गावर पुढे गेलेला असतो. म्हणून पौर्णिमेस हिशेब सव्वाअकरा सांगतो, आणि पाणी मात्र बाराच्या सुमारास चढते. विद्यार्थ्याने धक्क्याजवळ खुणा केलेली काठी रोवावी, पंधरा दिवस पाण्याची उंची व वेळ टिपावी, आणि आजोबांचा हिशेब कोठवर खरा ठरतो ते स्वतः ठरवावे. यात आजोबांचा अवमान नाही; त्यांच्याच निरीक्षणाची ती पुढची पायरी आहे.

काठावरच्या तिवराकडे पाहा. त्याची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, आणि त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. ओहोटीला निवट्या चिखलावरून उड्या मारतात. मासा असून ती पाण्याबाहेर कशी तगते, हा प्रश्न मुलांना तिथेच पडावा. या झाडांची तोड मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर थांबविली, आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीस राज्याचे कांदळवृक्षपद मिळाले. त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ वादळाने या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. किनाऱ्याचे हे हिरवे कुंपण लाटांचा जोर कसा मोडते, हे आपल्या मुलांनी जाणणे म्हणजे आपल्याच वाड्या राखणे होय.

सावधगिरीच्या गोष्टीही सांगून ठेवतो. भरती चढत असता चिखलात उतरू नये. खाडी जाणणारा स्थानिक माणूस सोबत असावा. रोप उपटू नये, आणि वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते, म्हणून मे महिना साधावा. तेव्हा जाळ्यात आलेली मासळी पाहता येते व कोळणींकडून तिची नावेही शिकता येतात.

ज्ञातिबंधूंनो, आपला शिक्षणनिधी आजवर शुल्क आणि पुस्तके यांवर खर्च होत आला, तो योग्यच आहे. त्यातील काही भाग उन्हाळी क्षेत्रअभ्यासास द्यावा, आणि पहिला हक्क मुलींचा ठेवावा, अशी आमची विनंती आहे. खाडीकाठी ज्यांची घरे आहेत त्यांनी दहा दिवस दोन मुलांस जेवूखाऊ घातले, तर खर्चाचे ओझे निम्मे होईल. आमच्या घराची एक खोली आम्ही आजच लिहून देत आहो. आम्ही एकदा जे दार लावले, ते दुसऱ्यांच्या लेकींसाठी तरी उघडे राहावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.