बंदिस्त शेळ्यांचे संगोपन व वाढ



शेळीला गरिबाची गाय म्हणतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीहून अधिक होती. गायराने आक्रसली, वनांत चराईवर निर्बंध आले आणि शेळ्यांमागे हिंडणारी मुले शाळेत जाऊ लागली. ती जावीत हेच इष्ट. त्यामुळे शेळ्या बंदिस्त जागेत वाढविण्याकडे ओढा वाढला आहे. परंतु कर्ज काढून गोठा बांधला, शेळ्या आणल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी करडे दगावली, असे घडू शकते. मग हप्ता राहतो, शेळ्या राहत नाहीत.

याचे कारण बहुधा गोठ्यातच सापडते. रानात शेळी स्वतःची काळजी स्वतः घेते. ती बोरीचा शेंडा खुडते, बाभळीच्या शेंगा वेचते, कोरड्या उंचवट्यावर बसते, आणि खडकाळ जमिनीवर चालून तिचे खूर आपोआप झिजतात. कोंडल्यावर यांतले काहीच तिच्या हाती राहत नाही. ते सर्व पाळणाऱ्यास करावे लागते.

प्रथम जागा. मोठ्या शेळीस छपराखाली सुमारे दहा ते बारा चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळे आवार हवे. खर्च वाचविण्यासाठी आवार वगळले जाते, ही काटकसर महागात पडते. दाटीत शिंगाळ, दांडगी शेळी गव्हाण अडवते आणि गाभण किंवा अशक्त शेळी मागे राहते; म्हणून सर्वांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी गव्हाण असावी. आवारात दगडांचा लहानसा चौथरा रचल्यास शेळ्या त्यावर चढउतार करतात, अंगाला व्यायाम होतो, खूरही झिजतात. तरीही वाढलेले खूर वेळोवेळी कापावेच लागतात. लंगडी शेळी गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही.

जमीन कोरडी हवी, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच. मूत्र मुरून नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, की करडांना फुफ्फुसदाह होण्याचा धोका वाढतो, आणि ओलीत रक्ती हगवणही बळावते. मुरमाची जमीन सभोवारच्या पातळीहून फूटभर उंच करावी, लेंड्या रोज काढाव्यात. अतिपावसाच्या कोकणात फटींची लाकडी उंच जमीन अधिक सोयीची ठरते.

चाऱ्याच्या बाबतीत शेळी चोखंदळ आहे. पायाखाली तुडवलेला चारा ती खात नाही, यास्तव पाला उंच टांगावा. शेवरी, हादगा, सुबाभूळ बांधावर लावता येतात. मात्र सुबाभळीत मिमोसिन हे अपायकारक द्रव्य असल्याने तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा. सोबत कडब्याची कुट्टी किंवा तुरीचे भुसकट, क्षारांची वीट आणि स्वच्छ पाणी हवे. वजन लवकर वाढावे म्हणून एकदम भरपूर धान्य घालणे घातक. त्याने अपचन होते व आंत्रविषाराचा धोका वाढतो. खुराक हळूहळूच वाढवावा.

करडू जन्मताच नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभरात चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. रोगाशी लढण्याची शक्ती त्याला चिकातूनच मिळते.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. शेळ्यांच्या बुळकांडीची, म्हणजे पीपीआरची लसही चुकवू नये. एकाच घरच्या शेळ्या टोचून भागत नाही. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवून तो फलकावर लावावा, शिक्षकांनी मुलांकरवी घरोघर कळवावा.

करडांचे वजन महिन्यातून एकदा ताणकाट्यावर करून वहीत नोंदवावे. वजन अडले तर खुराकाचे पोते आणण्यापूर्वी करडाची लेंडी जंतांसाठी तपासून घ्यावी आणि रात्री ते कोठे बसते, हे एकदा कंदील घेऊन पाहावे.