एकाच हंड्यातली शितं

कळंब-येरमाळ्याकडच्या माणसाला कर्करोगाची शंका आली की बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आठवतं. याच रुग्णालयाने मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीने ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू एकदाच केलेल्या तपासणीने कमी होतात का, हे पाहायचं होतं.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. सोडत मात्र स्त्रियांची नव्हे, गावांची निघाली: गावांचे ५२ समूह आणि त्यांची चार गटांत वाटणी. एका गटाला हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो बिनबुडाचा नव्हता.

गावांचीच सोडत का? एकाच वाड्यातल्या थोरल्या जावेची तपासणी करायची आणि धाकटीला परत पाठवायचं, हे गावात चालत नाही.

पण सोडत गावांची, तर हिशोबही गावांचाच धरावा लागतो. शितावरून भाताची परीक्षा होते. एकाच हंड्यातली शंभर शितं चेपून शंभर हंड्यांची होत नाही. एका गावात लग्नाचं वय, बाळंतपणं, दवाखान्याचं अंतर यांत बरंच साम्य असतं. इथे एका समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया होत्या. समजा, त्यांच्यातला सहसंबंध अवघा ०.००१ आहे. तरी उत्तरातली अनिश्चितता मोजणारं ‘व्हेरियन्स’ साडेतीन पट होतं! म्हणजे सव्वा लाखांवर स्त्रियांची माहिती जेमतेम सदतीस-अडतीस हजार स्वतंत्र स्त्रियांइतक्याच मोलाची उरते. हे विसरणारा संशोधक नसलेली खात्री मिरवतो.

दुसरी गाठ काळाची. अशा वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात कुणी ऊसतोडीला जाते ती परतत नाही, कुणी लेकाकडे पुण्याला राहते आणि बहुतेकींना तो आजार होतच नाही. त्यांच्या अर्धवट नोंदी फेकायच्या नसतात; ‘या तारखेपर्यंत ही ठणठणीत होती’ एवढं तरी त्या सांगतात. अशा नोंदींसह धोका मोजण्याची रीत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये दिली. ती मुळात प्रत्येक माणूस स्वतंत्र धरते, म्हणून पुढे दोन वाटा निघाल्या. ‘फ्रेल्टी’ मॉडेलमध्ये प्रत्येक समूहाला त्याच्या न दिसणाऱ्या दुबळेपणाचा एक गुणक देतात. ‘फ्रेल्टी’ हा शब्द १९७९ मध्ये जेम्स व्हॉपेल आणि सहकाऱ्यांनी आणला. दुसऱ्या वाटेने धोका कॉक्सच्याच रीतीने काढायचा, त्यातली अनिश्चितता मात्र समूहवार मोजायची. जिल्ह्याचं धोरण ठरवणाऱ्याला सगळ्या गावांचा मिळून सरासरी परिणाम हवा असतो, म्हणून त्याला ही दुसरीच वाट बरी.

उस्मानाबादचा निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही गटात ३४. समूहांचा हिशोब धरूनही मृत्यूचा धोका ०.५२ पट, म्हणजे जवळपास निम्मा. अंदाजाचा पट्टा ०.३३ ते ०.८३. पट्टा रुंद खरा, पण एकच्या, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ या आकड्याच्या, अलीकडेच संपतो, म्हणून निष्कर्ष टिकला. पॅप स्मिअर आणि डोळ्यांनी पाहणी यांच्या गटांत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही.

पण एवढ्यावरून ॲसिटिक ॲसिडची पाहणी फोल ठरत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनेच १९९८ पासून २० समूह घेऊन अभ्यास केला. तिथे ही पाहणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत ती एकदाच झाली होती.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीच आधी करावी अशी शिफारस केली. हे भाषण ऐकणाऱ्या तिशीपुढच्या बायांनी जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी जरूर करावी. ‘मला कुठे काय होतंय’ म्हणून टाळू नये. प्रयोगात दगावलेल्या स्त्रियाही सुरुवातीला निरोगी म्हणूनच नोंदवलेल्या होत्या.