न मागवलेले पार्सल

समजा, कर्जतजवळच्या कोंडाण्यात भर दुपारी पोस्टमन दारात येतो. मुलगा-सून कामावर गेलेले, घरात आजी एकट्या. पार्सलवर मुलाचे नाव आणि सोडवून घ्यायला आठशे रुपये. ‘मागवले असेल त्याने,’ म्हणून आजी डब्यातले पैसे काढून देतात. संध्याकाळी कळते, कोणीच काही मागवले नव्हते!

व्ही. पी.चे पार्सल पैसे भरल्याशिवाय उघडता येत नाही. म्हणून आधी घरच्यांना फोन करावा. खात्री नसेल तर सरळ ‘घेत नाही’ म्हणावे. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाते. यात पोस्टमनचा अपमान नाही.

पैसे न मागताच वस्तू आली तर? ‘आठ दिवसांत परत न केल्यास खरेदी पक्की,’ अशी चिठ्ठी सोबत असली तरी घाबरू नये. आपण गप्प बसलो म्हणजे होकार दिला, असे कायदा मानत नाही. मात्र ती वस्तू वापरूही नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट म्हणून न दिलेल्या वस्तूचा लाभ घेतल्यास मोबदला द्यावा लागू शकतो. वस्तू तशीच ठेवावी आणि ‘आपल्या खर्चाने घेऊन जा’ असे पाठवणाऱ्याला लेखी कळवावे.

फसगत झालीच, तर वेष्टण आणि पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि आजपासून घरात एक नेम करा: काही मागवले, की आजींना सांगून ठेवायचे.