झीज : नावे अनेक, कारणे अनेक



सहाणेवर चंदन उगाळले की खोड झिजते. तशी सहाणही झिजते. एका दिवसात मात्र ही झीज कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजीतील ‘अ‍ॅट्रिशन’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचाही मूळ अर्थ घासणे असाच आहे. आज हा शब्द वैद्य, सेनानी, शिक्षणतज्ज्ञ आणि प्रशासक निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. मराठीने त्यासाठी झीज, धूप, गळती, घट असे स्वतंत्र शब्द राखून ठेवले आहेत. ही समृद्धी केवळ कोशापुरती नाही. नाव नेमके असले की कारणाचा शोधही नेमका होतो.

दंतवैद्यकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दातावर दात घासून होणारी झीज, राखुंडीने होणारी झीज आणि आंबट पदार्थांतील आम्लाने होणारी झीज यांना त्या शास्त्रात वेगवेगळी नावे आहेत. तिन्हींत दात झिजतो. उपाय मात्र भिन्न असतात. म्हणून ‘किती झिजले’ याआधी ‘कशामुळे झिजले’ हे पाहिले जाते.

युद्धशास्त्रात हीच झीज हत्यार बनते. १९१६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत फ्रान्समध्ये वर्दूनची लढाई चालली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ७ लाख सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. आघाडी मात्र फारशी हलली नाही. महाराष्ट्राने याच्या कितीतरी आधी दुसऱ्या प्रकारचे उदाहरण घालून दिले होते. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला, तो उत्तरेत परतलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्याचा अंत झाला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजांनी रसद तोडली, छावण्यांवर छापे घातले. बलाढ्य सत्ता एका लढाईत नव्हे, पंचवीस वर्षांच्या सततच्या घर्षणात थकली.

शेतजमिनीची धूप अशीच मूकपणे चालते. पावसाने एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर वाहून नेला, तरी १० घनमीटर, म्हणजे सुमारे १२ ते १३ टन माती जाते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पीक उतरू लागते तेव्हा तो जाणवतो. समपातळी बांध, उताराला आडवी पेरणी आणि बांधावरचे गवत हे उपाय साधे आहेत. मात्र ते माती जाण्यापूर्वी योजावे लागतात.

शाळेतील झिजेला ‘गळती’ म्हणतात. घागर गळते तेव्हा कोणी पाण्याला दोष देत नाही. मूल शाळेतून गळते तेव्हा मात्र ‘पालकांची अनास्था’ असा शेरा सहज मारला जातो. ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, धाकट्या भावंडांची राखण, शाळेचे अंतर, मुलींसाठी स्वच्छतागृहाची गैरसोय ही त्या घागरीची छिद्रे आहेत. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. कायद्याने दार उघडले. आत आलेले मूल टिकवणे हे रोजचे काम आहे. नाव पटावरून जाण्याआधी गैरहजेरीचे दिवस वाढत जातात. तोच तो न दिसणारा मिलिमीटर असतो, आणि तो मोजण्याचे साधन प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर आहे : हजेरीपट.

‘सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे खरोखर झिजतो तो नागरिकाचा विश्वास. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. एका दाखल्यासाठी झालेला एक फुकटचा हेलपाटा क्षुल्लक वाटतो. असे हेलपाटे साचले की माणूस कचेरीकडे पाठ फिरवतो आणि दलालाचा रस्ता धरतो.

झीज सर्वस्वी वाईट असते असे नाही. समाजासाठी चंदनासारखे झिजणाऱ्यांचा मराठी मनाने नेहमीच आदर केला आहे. त्यांनी आपली झीज स्वेच्छेने पत्करलेली असते. शेतातली माती, शाळेतले मूल आणि दारात उभा असलेला अर्जदार यांची झीज त्यांच्यावर लादलेली असते. ती वेळीच ओळखणे आणि तिचे खरे कारण दूर करणे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी या तिघांचे समान कर्तव्य आहे.