फणी बदलावयाची वेळ

कामतघरास वऱ्हाळा तलावाच्या परिसरांत राहणाऱ्यांस यंत्रमागाचा खडखडाट नवा नाहीं. कापडाची वीण बदलावयाची ठरली म्हणजे केवळ मागावरील फणी बदलून भागत नाहीं. ताण्याच्या धाग्यांची संख्या बदलते; म्हणून ताणा भरणारा, खळ देणारा आणि धागे ओवणारा या सर्वांस आधीं वर्दी द्यावी लागते. एकानें घाई केली कीं दुसऱ्याचे श्रम फुकट जातात.

श्रोतेहो, हाच पेंच संगणकाच्या जगांतही उभा राहतो. 'डेबियन' ही खुली संगणकप्रणाली १९९३ सालीं ईयान मर्डॉक यांनीं सुरू केली. देशोदेशींचे स्वयंसेवक ती सांभाळतात. त्यांचा पुढारी दरवर्षीं मतांनीं निवडला जातो. परंतु इच्छा नसतां कोणास काम करावयास लावण्याचा अधिकार त्यालाही नाहीं. मग सर्वांस अडचणींत टाकणारा बदल घडवावा कसा?

उदाहरण काळाच्या मोजणीचें घ्यावें. ही प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ३२ बिटांच्या जागेंत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठा आंकडा मावत नाहीं. भारतीय वेळेप्रमाणें १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें व ७ सेकंदांनीं ती जागा भरेल. पुढच्याच क्षणीं जुन्या मापाचें यंत्र १९०१ साल दाखवूं लागेल.

उपाय सोपा दिसतो : जागा ६४ बिटांची करावी. परंतु एका लायब्ररीनें नवें माप धरलें आणि तिच्यावर विसंबलेल्या प्रोग्रॅमनें जुनेंच ठेवलें, तर दोघे एकाच मजकुराचा निराळा अर्थ लावतील. म्हणून २०२४ सालीं शेंकडों लायब्रऱ्यांच्या नांवांस 'टी६४' असें शेपूट जोडण्यांत आलें, म्हणजे नव्या-जुन्याची भेसळ होऊं नये. त्यांवर अवलंबून असलेले हजारों प्रोग्रॅम पुन्हां बांधावे लागले. बदल प्रथम प्रयोगाच्या कोठींत, मग 'अस्थिर' शाखेंत आणि तेथें निभावल्यावर 'चांचणी' शाखेंत नेला गेला. मध्यंतरीं अस्थिर शाखेंत पुष्कळ गोष्टी अडून राहिल्या. ती गैरसोय सर्वांनीं सोसली.

एक अपवाद मात्र विचारपूर्वक ठेवला गेला. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी जातीचा उपयोग मुख्यतः जुने तयार प्रोग्रॅम चालविण्यापुरता उरला होता. माप बदलतें तर तोच उपयोग बुडाला असता. म्हणून तिला जुनेंच माप राहूं दिलें. अखेर ९ ऑगस्ट २०२५ रोजीं 'ट्रिक्सी' नांवाची तेरावी आवृत्ति बाहेर पडली.

संकट तेरा वर्षे दूर असतां हा खटाटोप कशासाठीं? कारण लहान यंत्रें एकदां भिंतीवर वा कारखान्यांत बसविलीं कीं वर्षानुवर्षे तेथेंच राहतात. जेथें हुकूम चालत नाहीं तेथें आगाऊ वर्दी, ठरलेला क्रम आणि मागें राहिलेल्यासाठीं थांबण्याची तयारी, एवढ्यावरच काम उभें राहतें. मागावर आलेल्या ताण्याकडे पाहणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको.