रेडकाचं दूध हिशोबात धरा

आम्ही सांताक्रूझच्या बचत गटांतल्या बाया. आमच्याकडे गोठे नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत माणसंच मावत नाहीत, म्हैस कुठं बांधणार? तरी आज आम्ही म्हशीवर बोलणार आहोत. आमच्यातल्या कितीतरी जणींची माहेरं-सासरं सातारा, सांगली, रत्नागिरी, जालन्याकडची. तिथल्या जावा, नणंदा, वहिन्या गटातून कर्ज काढून म्हैस घेतात, आणि हप्त्याचा कागद समजून घ्यायला फोन आम्हाला करतात. दूध तुम्ही काढता, पिशवी आम्ही फोडतो, आणि कागद दोघी मिळून वाचतो. म्हणून हा विषय.

दुधाच्या धंद्यात जनावरांचे हाल होतात, असं म्हटलं की डोळ्यांपुढे काठी घेतलेला माणूस येतो. तसा माणूस असतोही कुठं कुठं. पण आम्ही जे पाहिलं त्यावरून सांगतो, बरेचसे हाल काठीनं होत नाहीत, हिशोबानं होतात.

आधी आमच्या मुंबईचं सांगतो. सांताक्रूझहून बोरिवलीच्या बाजूला लोकलनं गेलं की तिसरं स्टेशन जोगेश्वरी. जोगेश्वरी, गोरेगावात म्हशींचे जुने तबेले आहेत. शहरातले तबेले बाहेर काढावेत म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ साली, गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांचं ते काम. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेमध्ये जागा आणि गोठे सरकारचे, म्हशी खासगी मालकांच्या. त्या काळाच्या मानानं व्यवस्था चांगली होती. पण शहर वाढत गेलं, दुधाची मागणी वाढली आणि बाहेरचे तबेले काही संपले नाहीत.

२६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेल. आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माणसं छपरांवर, बसच्या टपांवर चढली. तबेल्यांतल्या म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या, त्या शेकड्यांनी जागच्या जागी बुडाल्या. म्हैस पोहणारं जनावर आहे हो. पाण्यानं मेली म्हणायचं, पण मेली ती दाव्यानं. तबेले मुंबईबाहेर हलवण्याचा विषय न्यायालयापर्यंत गेला, पालघर जिल्ह्यातल्या दापचरीचं नाव पुढे आलं, पण तबेले आजही आहेत.

तबेल्यातला हिशोब कसा चालतो ते बघा. म्हैस हरियाणा, गुजरातकडून ताजी व्यालेली आणायची. मुंबईत जागा महाग, वैरण महाग, सगळं विकत. म्हणून जी दूध देते तिलाच जागा. रेडकू दूध पिणार, म्हणजे रोज पैसे पिणार. नर असेल तर ते काही दिवसांतच मरतं किंवा नाहीसं होतं. त्याला कुणी मारलं असं म्हणता येत नाही, त्याला फक्त पाजलं नाही. म्हैस आटली की पुन्हा गाभण करून वर्षभर पोसण्यापेक्षा विकणं स्वस्त. ती जाते आणि तिच्या जागी दुसरी ताजी म्हैस येते.

आता यातली गोम. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते. पान्हा ही काही तिची लहर नसते. रेडकानं सडाला ढुशी दिली, किंवा ओळखीच्या हातानं कास चोळली, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो आणि दूध सडात येतं. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. जनावर घाबरलं, दुखावलं, की तो रस उतरतच नाही. म्हशीत हे गायीपेक्षा जास्त. मग रेडकाच्या जागी इंजेक्शन येतं. तेच ऑक्सिटोसिन, सकाळ-संध्याकाळ सुईनं.

हे औषध आपल्या ओळखीचं आहे, मैत्रिणींनो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून, आणि नंतर रक्तस्राव थांबावा म्हणून आपल्याला देतात, ते हेच. २०१८ साली खासगी कंपन्यांनी ते बनवू नये असा आदेश केंद्र सरकारनं काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात तो रद्द केला, कारण बाळंतिणींचा जीव वाचवणारं औषध टंचाईत सापडलं असतं. म्हणजे औषध वाईट नाही. पण ज्या औषधानं आपल्याला कळा येतात, ते जनावराला दिवसातून दोनदा टोचलं तर त्याच्या पोटात काय होत असेल, हे आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. शिवाय सवय लागते. मग सुईशिवाय ती दूध सोडतच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. या इंजेक्शनच्या दुधानं मुली लवकर वयात येतात, असं आमच्या चाळीतही बोलतात. त्याला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. हा रस आपल्या पोटात इतर प्रथिनांसारखा पचून जातो. आम्हाला वाटतं, आपल्याला अपाय होत नसला तरी म्हशीला होतो, एवढं कारण पुरेसं असायला हवं.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या बाराव्या कलमात, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक अशी क्रिया किंवा इंजेक्शन केलं तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. अगदी आखूड दाव्यानं सतत बांधून ठेवणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, पण त्याला पहिल्या वेळेला दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज एक लिटर म्हशीचं दूध येत नाही.

बाराव्या कलमात फुंक्याचं नाव आहे. जुन्या बायकांना माहीत असेल. पान्हा फुटावा म्हणून गायी-म्हशीच्या मायांगात नळीनं हवा फुंकायची. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं, त्यामागे या फुंक्याबद्दल कानावर आलेलं होतं. पुढे मोठं आजारपण आलं, मुंबईचे डॉक्टर म्हणाले दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? व्रत गायी-म्हशीच्या हालांवरून घेतलेलं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं झालं, आमच्या दारात म्हैस घरच्यासारखी असते. असते, खरंच असते. पण कर्जाची म्हैस दारात आली की तबेल्याचा हिशोब तिच्या मागोमाग घरात येतो. कसा ते आकड्यांत बघू. आकडे आम्ही उदाहरणाला धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, म्हैस एक लाखाची. दहा महिने सरासरी सहा लिटर दूध, साठ रुपये भाव. महिन्याचे झाले दहा हजार आठशे. पेंड, सरकी, वैरण यांत निम्मे गेले. उरले पाच हजार चारशे. कर्ज चोवीस महिन्यांचं, व्याज महिना शेकडा एक रुपया. पहिला हप्ता मुद्दल-व्याज मिळून पाच हजार एकशे सदुसष्ट. हातात राहिले दोनशे तेहेतीस. आता रेडकाला रोज दोन लिटर पाजायचे तर महिन्याचे छत्तीसशे होतात. ते कुठून आणायचे? मग पाजायचं कमी होतं. एक सड ठेवायचा म्हणतात, तोही रिकामा करून ठेवतात. रेडकाला जुलाब लागतात आणि ते बसतं. आणि दहा महिन्यांनी म्हैस आटली की पुढचे पाच महिने हप्ता चालूच, दूध बंद. गटात बोलणं सुरू होतं, विकून टाक बाई. हे सगळं त्या कागदावर पहिल्या दिवशीच लिहिलेलं असतं, आपण ते वाचत नाही एवढंच. कर्जाच्या अर्जात म्हशीची किंमत असते, विमा असतो, रेडकाचा आणि भाकड महिन्यांचा रकाना मात्र आम्ही अजून पाहिलेला नाही.

तो रकाना गटानं स्वतः आखावा. पहिला हप्ता तीन महिन्यांनी सुरू करा, म्हणजे रेडकाचं पिणं त्यात निघतं. मुदत छत्तीस महिने केली तर हप्ता अडतीसशेच्या आत येतो, महिन्याला सोळाशे उरतात. लिटरमागे आठ रुपये बाजूला टाकले तर दहा महिन्यांत चौदा हजार चारशे जमतात. भाकड म्हशीला दिवसाला शंभर रुपये धरले तरी दीडशे दिवसांचे पंधरा हजार, जवळजवळ भागतं. त्या महिन्यांत नुसतं व्याज घ्या. कर्ज फिटायला उशीर होईल, हे खरं आहे, आणि बँकेचं कर्ज असेल तर शाखेत बसून घासाघीस करावी लागेल. गटाच्या स्वतःच्या बचतीतलं कर्ज असेल तर हा ठराव आपल्याच हातात आहे. दोघी-तिघी म्हशी घेणार असतील तर पुढे-मागे विणाऱ्या बघा, सगळ्या एकदम आटणार नाहीत.

गोठ्यातलं आता झटपट सांगतो, कारण तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. रेडकू जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची दारं दिवसभरात मिटतात. वार पडायची वाट बघत रेडकू उपाशी ठेवू नका. खरवस आम्हालाही आवडतो, मुंबईत तो भाव देऊन घेतात. पण पहिला चीक रेडकाचा, वड्या उरलेल्याच्या. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास डॉक्टरला विचारून जंताचं औषध पाजा. म्हशीच्या रेडकाला आईच्या दुधातूनच जंत जातात, आणि ‘दूध बाधलं’ म्हणून आपण नेमकं दूधच तोडतो.

धार काढायची वेळ आणि हात शक्यतो बदलू नका. कोमट पाण्यानं कास धुवा, जरा चोळा, पुढ्यात आंबोण ठेवा, रेडकू असेल तर आधी ढुशी मारू द्या. अंगठा मुडपून पिळू नका, मुठीनं काढा; सड दुखले की पान्हा अडतो. जागा असेल तर मुक्त संचार गोठा करा. तारेचं किंवा बांबूचं कुंपण, एका बाजूला सावली, पाण्याची टाकी, आणि दावं नाही. म्हैस हवं तेव्हा उठते, बसते, पाणी पिते, आणि दिवसभर शेण भरण्यातून तुमचीही थोडी सुटका होते.

नर रेडकाचं काय, हा प्रश्न उरतोच. कोकणात भाताच्या चिखलणीला रेडे लागायचे, आता पॉवर टिलर आले. यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य आता मिळतं, दहात साधारण नऊ वेळा मादी होते. पुढच्या वेळी म्हैस भरवताना पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करा. आणि जन्मलाच नर, तर निदान तीन महिने पाजण्याचा खर्च गटाच्या त्या रकान्यात धरलेला असू द्या.

जनावर आजारी पडलं तर सरकारच्या फिरत्या दवाखान्याचा फुकट नंबर १९६२ आहे. फोन करताना म्हैस कधी व्याली, वार पडली का, रेडकानं चीक प्यायला का, एवढं तयार ठेवा. लेबल नसलेल्या बाटलीतलं इंजेक्शन कुणी दारात आणून देत असेल, तर तेही डॉक्टरांना त्याच वेळी दाखवा.